टीव्ही बिघडला : दुरुस्त करावा की बदलावा?

थंडीचे दिवस होते. सकाळी बातम्या लावण्यासाठी वडिलांनी टीव्हीचे बटण दाबले. आतून 'टक्' असा आवाज आला, पुन्हा 'टक्' झाले, आणि पडदा काळाच! चार-पाच वेळा बटण दाबल्यावर एकदाचे चित्र दिसले. पुढे दर आठवड्याला ही टकटक वाढत चालली. २०१० साली वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून हौसेने घेतलेला हा ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही. "आता नवा घेऊ या," असे घरात सर्वांचे मत पडले. वडील मात्र म्हणाले, "अरे, काय बिघडले ते तरी आधी पाहा!"

विद्यार्थी मित्रांनो, वडिलांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. काय बिघडले हे कळण्यासाठी हा टीव्ही चालतो कसा, ते आधी पाहू.

वायूतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले, की वायूचा प्लाझ्मा, म्हणजे आयनद्रायू बनतो. सूर्य असाच बनलेला आहे. चमकणाऱ्या विजेतही हीच अवस्था क्षणभर दिसते. प्लाझ्मा टीव्हीच्या पडद्यात दोन काचांमध्ये अगदी लहान लहान कोठड्या असतात. आडव्या ओळीत १०२४ आणि उभ्या ओळीत ७६८ चित्रबिंदू असतील, आणि प्रत्येक बिंदूला तांबडी, हिरवी व निळी अशा तीन कोठड्या असतील, तर एकूण किती होतील? गुणाकार करून पाहा. उत्तर २३ लाखांच्या वर जाते! प्रत्येक कोठडीत निऑन आणि झेनॉन हे वायू थोड्या प्रमाणात भरलेले असतात. विजेच्या स्पंदांनी त्यांचा प्लाझ्मा होतो व त्यातून डोळ्यांना न दिसणारे अतिनील (जंबुपार) किरण निघतात. ते कोठडीतील फॉस्फरच्या लेपावर पडले, की रंगीत प्रकाश मिळतो. घरातली ट्यूबलाईट याच तत्त्वावर चालते. म्हणजे हा टीव्ही लाखो चिमुकल्या ट्यूबलाईटचा संचच म्हणा ना! १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन या तिघांनी असा पहिला पडदा तयार केला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. टीव्हीचे दोन भाग पडतात : एक काचेचा पडदा आणि दुसरा त्याला वीज पुरवणारी मंडले. आमची टकटक यांपैकी कोणाची?

माझी नववीतली भाची तर प्लग काढून, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तयारच होती. मी तिला थांबवले. वीज साठवणारे धारित्र (दुकानात याला कपॅसिटर म्हणतात) प्लग काढल्यावरही काही काळ भारित राहू शकते. ३३० मायक्रोफॅरडचे धारित्र ४०० व्होल्टला भारित असेल, तर ½CV² या सूत्राने त्यात सुमारे २६ ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचा दगड अडीच मीटरपेक्षा उंच उचलायला इतकीच ऊर्जा लागते! हा धक्का जिवावर बेतू शकतो. तेव्हा टीव्हीचे पाठीमागचे झाकण तुम्ही कधीही उघडू नका. बाहेरून करण्यासारख्या परीक्षा पुष्कळ आहेत.

आमचा टीव्ही थंडीत जास्त अडत होता आणि जरा तापला, की चालत होता. हीच खूण महत्त्वाची ठरली. धारित्रातील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाळत जातो व त्याचा रोध वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो, तापल्यावर कमी होतो. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या एका जाणत्या कारागिराने झाकण उघडले, तेव्हा वीजपुरवठ्याच्या मंडलावरील चार धारित्रांची डोकी फुगलेली निघाली. ती बदलली आणि टीव्ही पूर्ववत झाला. नव्या टीव्हीच्या किमतीचा विसावा हिस्साही खर्च आला नाही.

काही वर्षांनी मात्र पडद्यावर एक उभी हिरवी रेघ उमटली. ती कधी हलेना. भाचीने आधी सेट-टॉप बॉक्सची तार काढून टीव्हीचा स्वतःचा मेनू लावला. रेघ मेनूवरही तशीच! म्हणजे दोष बाहेरचा नव्हता. कारागिराने तपासून सांगितले, की काचेला चिकटवलेली पट्टीच निकामी झाली आहे. ती साध्या दुकानात बदलता येत नाही, पडदाच बदलावा लागतो. आणि पडदा आणायचा कुठून? पॅनासॉनिकने २०१३ साली, तर सॅमसंग व एलजी यांनी २०१४ साली प्लाझ्मा टीव्हीचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. जो भाग आता कोणी बनवतच नाही, त्यावर पैसे घालण्यात अर्थ नव्हता.

विजेचा हिशेबही भाचीनेच केला. घरातली इतर सर्व उपकरणे बंद करून तिने मीटरचा लुकलुकणारा दिवा मोजला. आमच्या मीटरवर एका युनिटला १६०० लुकलुकी असे लिहिले आहे. प्लाझ्मा टीव्ही चालू असता १० मिनिटांत ६४ झाल्या. म्हणजे ०.०४ युनिट. तासाला ०.२४ युनिट, अर्थात २४० वॉट! तेवढ्याच आकाराच्या एलईडी टीव्हीवर शेजाऱ्यांनी हाच प्रयोग केला, तेव्हा सुमारे ८० वॉट आले. रोज ५ तासांप्रमाणे वर्षाला २९२ युनिटांचा फरक पडतो. युनिटला १० रुपये धरले, तर २,९२० रुपये झाले. तुमच्या बिलावरचा दर घेऊन तुम्ही हे गणित करून पाहा.

तेव्हा नवा टीव्ही आला. वडील जरा खट्टू झाले. "हा आता भंगारातच ना?" त्यांनी विचारले. पण चांगली मंडले कारागिराने ठेवून घेतली. दुसऱ्या कोणाच्या तरी जुन्या टीव्हीला ती उपयोगी पडतील. पुष्कळशा जुन्या पडद्यांच्या काचेत शिसे असते, ते मातीत जाऊ नये म्हणून उरलेला सांगाडा आम्ही ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात दिला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा कचऱ्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रांतच लावायची असते.

पहिल्या खेपेस दुरुस्ती योग्य ठरली, दुसऱ्या खेपेस बदल. टीव्ही तोच, निर्णय मात्र वेगळे. कारण दोन्ही वेळा आम्ही आधी विचारले : नेमके बिघडले काय? तो भाग मिळतो का? आणि वीज किती लागते? तुमच्या घरचा पंखा, मिक्सर किंवा रेडिओ अडला, तर हे तीन प्रश्न आधी विचारा. वडीलधाऱ्यांना तुमची मदतच होईल. स्क्रू-ड्रायव्हर मात्र कारागिराच्याच हाती राहू द्या!