खात्याशिवाय सुरू होणारा फोन

माउंट रोडवरून आत वळलं की रिची स्ट्रीट. चेन्नईचा हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार नरसिंगपुरम स्ट्रीट, मीरान साहिब स्ट्रीट अशा शेजारच्या गल्ल्यांतही पसरलेला आहे. मावशींसाठी फोन घ्यायला आम्ही इथे आलो. त्यांची अट एकच होती: पेन्शनचं खातं, कार्ड, जन्मतारीख, यातलं काही फोनला कळता कामा नये. ही अट पाळता येते. त्यासाठी फोन पहिल्यांदा सुरू करताना तो दुकानदाराच्या हाती न देता आपल्याच हातात ठेवायचा.

पैसे रोख दिले. हप्त्यावर घेतला असता तर ओळखपत्र आणि बँक खातं आलंच असतं. बिल करताना काउंटरवरच्या मुलाने मोबाइल नंबर विचारला. मावशींनी तमिळमध्ये सांगितलं, नंबर नको, नुसतं बिल दे. त्याने दिलं. नंबरसाठी गिऱ्हाइकाला अडवू नका, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयानेच 2023 मध्ये विक्रेत्यांना बजावलेलं आहे.

मग तिथेच फोन सुरू केला. भाषा मराठी, सिम नंतर. वाय-फायच्या पडद्यावर जोडणीचं बटण ठळक असतं. ऑफलाइन पुढे जायचा पर्याय तळाशी, बारीक अक्षरांत. तो दाबला. पुढे लोकेशन, स्कॅनिंग, वापराची आणि बिघाडाची माहिती पाठवणं, ही सगळी बटणं आधीपासूनच चालू. मावशींनी चष्मा सावरत प्रत्येक ओळ वाचली आणि एकेक बटण बंद केलं. फोनच्या कंपनीचं स्वतःचं खातं वगळलं. शेवटी सुचवलेल्या अ‍ॅप्सची यादी आली, तिच्यावर खुणा केलेल्याच होत्या, त्याही काढल्या. मला या पडद्यांचा राग येतो. 'नाही' म्हणायची सोय आहे, पण ती शोधायला चांगली नजर आणि सवड लागते, आणि म्हाताऱ्या माणसांकडे कुणीतरी घाई करणारं नेहमी उभं असतं.

"गूगल खातं नसेल तर प्ले स्टोअर चालणार नाही, अम्मा," मुलगा म्हणाला. खरं आहे. घरी आल्यावर ब्राउझरमधून एफ-ड्रॉइड उतरवलं. मुक्त सॉफ्टवेअरचं हे भांडार 2010 पासून चालू आहे आणि खातं मागत नाही. ब्राउझरला दिलेली इन्स्टॉलची परवानगी लगेच काढून घेतली. तिथूनच घेतलेल्या ऑर्गॅनिक मॅप्समध्ये तमिळनाडूचा नकाशा उतरवून ठेवला, म्हणजे नेट नसतानाही रस्ता सापडतो. सेटिंग्जमध्ये गोपनीयतेखाली जाहिरातींचा ओळखक्रमांक असतो, तो पुसून टाकला. आयफोनवर अ‍ॅप स्टोअरसाठी खातं लागतंच. पण एखादं मोफत अ‍ॅप घेता घेता ते खातं उघडलं, तर पैसे भरण्याच्या जागी 'काही नाही' निवडता येतं.

सुरुवातीला कोरा असणारा फोन याच शहरात कल्पिला गेला आहे. आयआयटी मद्रासच्या प्रवर्तक फाउंडेशनमध्ये वाढलेल्या कंपनीने जानेवारी 2023 मध्ये भारओएस ही मोबाइलची कार्यप्रणाली दाखवली, तिच्यात आधीच भरलेली अ‍ॅप्स नव्हती. ती गोपनीयतेची विशेष गरज असलेल्या संस्थांसाठी होती. मावशींसारख्या गिऱ्हाइकाला तसा फोन दुकानात मिळायला हवा.

सिमसाठी मात्र ओळख द्यावीच लागते. तिथेही आधारचीच सक्ती नाही. मोबाइल नंबर आधारला जोडण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात रद्द केली. व्हॉट्सअ‍ॅपलाही नंबर लागतो. मावशींनी तेवढं मान्य केलं, यूपीआय नाही.

खातं नसल्याची किंमतही आहे. फोन हरवला तर तो दुरून शोधता येत नाही, नंबरांची प्रत आपोआप राहत नाही. म्हणून संपर्कांची फाइल अधूनमधून पेनड्राइव्हवर घ्यायची. *#06# दाबून फोनचा आयएमईआय क्रमांक वहीत लिहून ठेवायचा. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो बंद करायला हाच क्रमांक लागतो. खोकं आणि बिल मावशींनी कपाटात, पेन्शनच्या कागदांपासून वेगळ्या खणात ठेवलं आहे.