मध्यरात्रीनंतरचे पथदिवे आणि नागरी सुरक्षितता

वीजखर्च व कार्बन उत्सर्जन कमी करण्यासाठी इंग्लंड व वेल्समधील अनेक स्थानिक स्वराज्य संस्थांनी निवासी भागांतील पथदिवे मध्यरात्रीनंतर बंद ठेवण्याचे धोरण स्वीकारले. अंधारामुळे गुन्हे वाढतील, हा त्यावरील स्वाभाविक आक्षेप होय. तथापि ६२ स्थानिक संस्थांच्या आकडेवारीवर आधारित, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवे बंद वा मंद केल्याने गुन्हे किंवा रस्ते-अपघात वाढल्याचा पुरावा आढळला नाही. थेम्स व्हॅलीविषयीच्या २०२२ मधील अभ्यासात तर अंधाऱ्या रस्त्यांवर मोटारींतील वस्तूंच्या चोऱ्या घटल्याचे दिसले. गाडीत काय आहे हे पाहण्यास चोरालाही उजेड लागतो, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण! मात्र त्या चोऱ्या शेजारच्या उजेडाच्या रस्त्यांकडे सरकल्याची चिन्हेही तेथेच आढळली.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. रात्रपाळीहून परतणारी परिचारिका अंधारामुळे लांबच्या रस्त्याने जाऊ लागली, किंवा तिने ती पाळीच सोडली, तर गुन्हा घडत नाही आणि आकडाही वाढत नाही. रात्री पायी जाणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, दिवे मालवण्यापूर्वीची व नंतरची मोजणी गुन्हे-नोंदीसोबत ठेवल्यासच हा बदल दिसू शकेल.