रासीनच्या ओळी आज कशा बोलाव्यात?

फ्रेंच नाटककार रासीनच्या १६७७ सालच्या ‘फेद्र’ या शोकांतिकेत पात्रे ‘अलेक्सांद्रँ’ वृत्तात बोलतात : ओळीत बारा अक्षरे, सहाव्यानंतर यती. अभंगाप्रमाणे इथेही लघु-गुरूचा हिशेब नाही, नुसती मोजणी. अडचण अशी, की शब्दाच्या शेवटचा जो पुसट स्वर आजचा पॅरिसकर बोलताना बहुधा गाळतो, तो वृत्तात पुढे व्यंजन आले की पूर्ण अक्षर म्हणून धरलेला असतो. नटाने तो गिळला की बाराची अकरा होतात, कधी दहा. तरीही काही नट या ओळी सरळ गद्यासारख्या बोलतात आणि त्याला स्वाभाविकता म्हणतात.

हा युक्तिवाद टिकत नाही. सतराव्या शतकातही कुणी बारा-बारा अक्षरांत भाजी घेत नव्हते. ही भाषा तेव्हाही घडवलेलीच होती. फेद्र सावत्र मुलावरचे प्रेम कबूल करते तेव्हा तिला बांध फोडायचा असतो आणि ओळ तो फुटू देत नाही. नाट्य त्या ताणातच आहे. भाषाशास्त्रज्ञ मिलनर आणि रंगकर्मी रेन्यो यांनी १९८७ साली नटांसाठी या वृत्तावर पुस्तक लिहिले, ते उगाच नव्हे. मग जुन्यासारखे हेल काढून म्हणावे का? दिग्दर्शक युजीन ग्रीन यांनी शब्दान्तीची व्यंजने आणि घोळवलेला ‘र’ यांसह जुने उच्चार रंगमंचावर आणले. अभ्यास दांडगा, पण प्रेक्षकाचे कान उच्चारांतच अडकतात, फेद्र मागे राहते. अक्षरे सगळी मोजून उच्चारावीत, आवाज मात्र आजच्या माणसाचा असावा, आणि अर्थ पुढे धावत असेल तर ओळीच्या टोकाला उगाच थांबू नये.