वल्ह्याचा ठोका आणि रोहूचे कान

कयाकमधून गळ टाकणारे बरेच जण कुजबुजत बोलतात. खरे तर साध्या बोलण्याने मासे फारसे बिचकत नाहीत. हवेतून पाण्यावर आदळणाऱ्या आवाजाची जवळजवळ ९९.९ टक्के ऊर्जा पृष्ठभागावरूनच परत फिरते. खरी अडचण वल्ह्याची. ते कयाकच्या कडेवर आपटले, की कंपने थेट पाण्यात उतरतात आणि सेकंदाला सुमारे १,४८० मीटर वेगाने, म्हणजे हवेतल्या चौपटीहून अधिक वेगाने पसरतात.

आपल्या धरणांच्या जलाशयांत सोडले जाणारे रोहू आणि कटला तर फारच तिखट कानांचे. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी आवाजाने थरथरते आणि ती थरथर इवल्याशा हाडांची साखळी आतल्या कानापर्यंत पोचवते. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० साली या हाडांचे वर्णन केले. मला ही रचना विलक्षण सुंदर वाटते: बाहेरून कानाचे छिद्रही न दिसणारा हा जीव पोटाच्या मदतीने ऐकतो! शिवाय अंगावरची पार्श्वरेषा जवळच्या पाण्याची हालचाल टिपते.

म्हणून वल्ह्याचे पाते अलगद बुडवा. कयाकच्या तळाशी फोमची चटई अंथरा आणि गळांचा डबा तिच्यावर ठेवा. लाइफ जॅकेट मात्र शांत पाण्यातही अंगावरच हवे.