शोधदृश्यता, स्थानिक व्यवसायाची

एखाद्या गावात वा ठराविक परिसरात सेवा पुरविणाऱ्या व्यवसायाचे संकेतस्थळ आंतरजालावरील शोधयंत्राच्या निष्कर्षांत किती वरच्या स्थानी व किती ठळकपणे दिसते, त्यास त्या व्यवसायाची स्थानिक शोधदृश्यता म्हणतात. पाण्याच्या मोटारींचे रिवाइंडिंग, ट्रॅक्टरदुरुस्ती, बोअरवेल खोदाई, मंडप-डेकोरेशन, रुग्णवाहिका, लॉज इ. सेवांचा ग्राहक जवळपासचाच असतो. त्यामुळे अशा व्यवसायाचे नाव देशभर झळकण्यास फारसा अर्थ नसतो. पंचक्रोशीतील गरजवंताला ते नेमक्या वेळी सापडणे महत्त्वाचे ठरते. पिकाला पाणी हवे असताना मोटार जळालेला शेतकरी भ्रमणध्वनीवर शोध घेतो, तेव्हा तो पहिल्या दोन-तीन नावांपलीकडे सहसा जात नाही.

शोधयंत्राचे कार्य तीन टप्प्यांत चालते. त्याचे संचारी कार्यक्रम दुव्यांवरून दुव्यांवर जात संकेतस्थळांची पाने वाचतात. वाचलेल्या मजकुराची प्रचंड सूची तयार होते. आणि कोणी प्रश्न विचारताच त्या सूचीतून योग्य पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो. ज्या पानाकडे अनेक चांगली पाने निर्देश करतात ते अधिक विश्वसनीय, हे लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी मांडलेले तत्त्व गूगलच्या मुळाशी आहे. ही कंपनी १९९८ च्या सप्टेंबरमध्ये स्थापन झाली. धुळे जिल्ह्याच्या विभाजनाने नंदुरबार जिल्हा त्याच वर्षी १ जुलै रोजी अस्तित्वात आला होता. स्थानिक सेवांच्या शोधासाठी मात्र केवळ दुव्यांची मोजदाद पुरत नाही. गूगलने स्वतः जाहीर केल्याप्रमाणे स्थानिक निष्कर्षांचा क्रम मुख्यत्वे तीन गोष्टींवर ठरतो : प्रश्नाशी असलेली सुसंगती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. यांपैकी अंतर व्यावसायिकाच्या हाती नसते. उरलेल्या दोहोंवरच त्याला परिश्रम घेता येतात.

नंदुरबार जिल्ह्यात पहिली अडचण नावांचीच येते. जिल्ह्याचे नाव ‘नंदुरबार’ व ‘नंदूरबार’ असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. अक्राणी तालुक्याचे मुख्यालय धडगाव असल्याने लोक तालुक्यालाही धडगावच म्हणतात. ज्या संकेतस्थळावर केवळ ‘अक्राणी’ असा शासकीय उल्लेख आहे, ते धडगावचा शोध घेणाऱ्यास सापडेलच असे नाही. म्हणून रूढ व शासकीय अशी दोन्ही नावे मजकुरात सहज येतील अशी योजना करावी लागते. दुसरे वैशिष्ट्य सीमेचे. गुजरातमधील निझर, कुकरमुंडा व उच्छल आणि मध्य प्रदेशातील खेतिया ही ठिकाणे नंदुरबार, तळोदा, नवापूर व शहादा या तालुक्यांना लागून आहेत. शोधयंत्र अंतर मोजताना राज्याची सीमा मानत नाही. तेव्हा सीमेपलीकडे खरोखर सेवा देणाऱ्याने त्या गावांची नावे आणि जमल्यास गुजराती व हिंदी मजकूरही द्यावा. मात्र जेथे आपण जातच नाही अशा गावांची लांबलचक यादी पानाच्या तळाशी चिकटविणे निरुपयोगी असते. शोधयंत्रे अशा भरताडाकडे संशयाने पाहतात.

मराठी मजकुराचे प्रश्न वेगळे आहेत व त्यांची चर्चा फारच थोडी होते. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकपद्धतींत तयार केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण त्याच्या मुळाशी रोमन अक्षरांचे संकेत असल्याने यंत्राला तो निरर्थक वाटतो. मजकूर युनिकोडमध्येच असला पाहिजे. दुकानाची पाटी किंवा दरपत्रक केवळ छायाचित्राच्या रूपाने टाकल्यासही तीच गत होण्याचा संभव असतो. मराठीत विभक्तीमुळे नामाचे रूप बदलते : शहादा, शहाद्यात, शहाद्याहून. यंत्र ही रूपे दरवेळी एकत्र जोडील याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून शीर्षकात मूळ रूप ठेवणे श्रेयस्कर. शिवाय पुष्कळ लोक मराठी प्रश्न रोमन लिपीत लिहितात किंवा बोलून विचारतात. ग्राहक ‘मोटार रिवाइंडिंग’ म्हणत असता संकेतस्थळावर ‘विद्युत् चलित्र पुनर्वेष्टन’ लिहिणे शुद्ध असले, तरी त्याचा उपयोग नाही.

प्रत्येक प्रमुख सेवेला स्वतंत्र पान असावे. त्यात काम काय, कोठपर्यंत, साधारण किती वेळात आणि कोणत्या दराने होते, हे स्पष्ट लिहावे. सारंगखेड्याची घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेली यात्रा दत्तजयंतीच्या सुमारास भरते. तिच्यासाठी राहण्याची वा वाहनाची सोय करणाऱ्याने आपले पान काही महिने आधी सिद्ध करावे व दरवर्षी नवे न काढता तेच अद्ययावत करावे, कारण जुन्या पानाने मिळविलेली पत नव्याला आपोआप मिळत नाही. सातपुड्याच्या दुर्गम भागात भ्रमणध्वनीचे जाळे क्षीण असल्याने पान वजनाने हलके असणे येथे शहरापेक्षाही अगत्याचे आहे.

संकेतस्थळाच्या जोडीला नकाशावरील व्यवसायनोंद लागते. २०१४ पासून ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने ओळखली जाणारी ही विनामूल्य सोय २०२१ मध्ये ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झाली. तीत एक प्रमुख व जास्तीत जास्त नऊ दुय्यम वर्ग निवडता येतात. ग्राहकाच्या दारी जाऊन काम करणाऱ्यास घरचा पत्ता झाकून सेवाक्षेत्रे नोंदविण्याची मुभा आहे. नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक ही तिन्ही नोंदीत, संकेतस्थळावर आणि जस्टडायलसारख्या सूचींत सारखी असावीत. जुना क्रमांक एका जागी तसाच राहिला, तर ग्राहक चुकतो व यंत्राचा विश्वासही कमी होतो.

ख्यातीचा मोठा आधार म्हणजे ग्राहकांचे अभिप्राय. ते मागणे गैर नाही. पैसे वा सवलत देऊन मिळविणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. छोट्या गावात दहा खरे अभिप्रायही पुष्कळ होतात, त्यामुळे खोट्यांचा मोह येथे विशेष अनाठायी म्हटला पाहिजे. ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देऊन पैसे घेणाऱ्यांपासूनही सावध राहावे. नैसर्गिक क्रम विकत मिळत नाही, विकत मिळते ती जाहिरातीची जागा.

सर्वस्वी एकाच कंपनीवर विसंबण्याचा धोका प्रत्यक्षात दिसून आला आहे. व्यवसायनोंदीतूनच तयार होणारी विनामूल्य संकेतस्थळे गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांच्याकडे दुसरे स्थळ नव्हते त्यांचा पत्ताच नाहीसा झाला. त्यापूर्वी, २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधनिष्कर्षांतील पक्षपाताबद्दल याच कंपनीला सु. १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. स्वतःच्या मालकीचे क्षेत्रनाम वार्षिक शुल्कात मिळते व २०१४ पासून ते ‘.भारत’ या देवनागरी प्रत्ययासहही घेता येते. २०२४ पासून भारतात काही प्रश्नांना दुव्यांच्या आधी कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर दाखविले जाऊ लागले असून, ते वाचून ग्राहकाने मूळ संकेतस्थळावर न जाताच परतणे शक्य झाले आहे. जळालेली मोटार दुरुस्त करण्यासाठी मात्र त्याला कोणाला तरी दूरध्वनी करावाच लागतो, आणि तो क्रमांक उत्तर रचणारे यंत्रही अशाच पानांतून व नोंदींतून उचलते.