गणपतीत मुंबईला निघण्याआधी

श्रावण सरत आला की कनेरगाव नाक्यावरच्या चहाच्या टपरीत एकच विषय निघतो, औंदा गणपतीत मुंबई करायची का? २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी गाडी थेट हिंगोलीहून सुटते, त्यामुळे हा विषय जास्तच रंगतो. त्याबरोबर ऐकीव गोष्टीही निघतात.

‘लालबागच्या राजाला वीस तास मोडतातच.’ तिथं रांगा दोन असतात. पायावर डोकं टेकवायचं तर नवसाची रांग. तिथं खरोखरच दिवस-रात्र जाऊ शकते. मुखदर्शनाची रांग त्यामानानं लवकर सरते. म्हातारं माणूस सोबत असेल तर मुखदर्शनच घ्यावं.

‘मुंबईचा गणपती म्हणजे वीस फुटी मूर्ती.’ गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, आणि मूर्ती लहानच असते. १९०१ साली लोकमान्य टिळक तिथं आले होते. मी मुंबईत उतरलो की आधी तिथं जातो.

‘चौपाटीवर कधीही जा, पाणी तेच.’ हा गैरसमज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. आपण पैनगंगेकाठची माणसं. गेलेलं पाणी परत येतं हे आपल्या ध्यानातच येत नाही. पहिल्या वेळी चौपाटीवर गेलो तेव्हा आई सोबत होती. लाट मागं सरली की ती दोन पावलं पुढं जायची. एक कोळीण ओरडली, “मावशी, भरती लागलीय, वर या!” आम्ही वर आलो. थोड्या वेळानं पाहिलं, तर आई उभी होती तिथं कमरेइतकं पाणी.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा येते. चंद्र आणि सूर्याची ओढ तेव्हा एका रेषेत असते, म्हणून भरती मोठी येते. कोळी त्याला उधाण म्हणतात. मुंबईत या तिथींना भरतीचा जोर साधारण दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास असतो. २०२५ मध्ये लालबागचा राजा ७ सप्टेंबरला सकाळी गिरगाव चौपाटीवर पोचला, पण भरतीमुळं मूर्ती तराफ्यावर चढवता येईना. विसर्जन झालं ते रात्री. एवढ्या अनुभवी मंडळाला समुद्राचं ऐकावं लागतं, तिथं आपण पोरांना घेऊन पाण्यात उतरू नये. शिवाय या दिवसांत किनाऱ्याजवळ पाकट आणि जेलीफिश येतात. २०१३ साली विसर्जनाच्या वेळी गिरगावात पाकटांनी कितीतरी भाविकांना डंख केला होता. मूर्ती जीवरक्षकांच्या हाती द्यावी आणि कोरड्या वाळूतून हात जोडावेत.

‘जायचं तर अनंत चतुर्दशीलाच.’ माझं ऐकाल तर पहिल्या चार-पाच दिवसांत जाऊन या. चतुर्दशीला आपल्या हिंगोलीतच चिंतामणी गणपतीपुढं नवसाच्या मोदकासाठी गावोगावची माणसं लोटतात. त्या दिवशी मी त्या रांगेत असतो, आईसोबत.