सोसायटीचं मूळ गाव : वायरबुश



गावच्या सोसायटीतून पीककर्ज आपण सगळेच उचलतो. पण ही सोसायटीची कल्पना मुळात कुठल्या मातीतली? तिचा माग काढत गेलं, तर आपण जर्मनीतल्या वायरबुश नावाच्या लहानशा खेड्याच्या वेशीत येऊन पोचतो.

जर्मनीच्या पश्चिम भागात, ऱ्हाइन नदीच्या पूर्वेला वेस्टरवाल्ड हा डोंगराळ मुलूख आहे. त्याच्या उत्तर अंगाला, आल्टनकिर्शेन या गावाजवळ वायरबुश वसले आहे. हवा थंड, जमीन हलकी. बटाटा, राय आणि ओट ही जुनी पिके. त्या काळी हा मुलूख प्रशियाच्या राज्यात होता.

१८४५ साली फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझन हा तरुण वायरबुश व भोवतालच्या खेड्यांचा कारभारी म्हणून आला. त्याच सुमारास युरोपात बटाट्यावर करपा पडला. पुढे धान्यही बुडाले आणि १८४६-४७ च्या हिवाळ्यात लोकांची अन्नान्न दशा झाली. सरकारने धान्य दिले, पण रोख पैसे घेऊन विका म्हणून. ज्याच्या घरात दाणा नाही, त्याच्याकडे रोकड कुठली? रायफायझनने हुकूम बाजूला ठेवून धान्य उधारीवर वाटले. गावातल्या ऐपतदार मंडळींकडून निधी उभा केला, 'पाव मंडळ' काढले आणि सार्वजनिक भट्टी बांधली. बाजारापेक्षा पुष्कळ स्वस्त पाव गरिबाला मिळू लागला, तोही उधारीवर.

१८४८ मध्ये त्याची बदली फ्लामर्सफेल्डला झाली. तिथे शेतकऱ्याला सावकाराचा फास होता. १८४९ साली गावातल्या साठ-एक सधन लोकांनी एकत्र जामीन राहून मंडळ स्थापले. गरीब शेतकऱ्याला गुरं घेऊन द्यायची आणि पैसे हप्त्याहप्त्याने फेडून घ्यायचे, असे त्याचे काम.

पण खरी अडचण पुढेच आली. देणारे वेगळे आणि घेणारे वेगळे, तर देणाऱ्याचा उत्साह किती दिवस टिकणार? हेडेसडॉर्फला रायफायझनला हाच अनुभव आला. म्हणून १८६४ साली तिथे त्याने नवी पतपेढी काढली. तिचा नियम साधा : ज्याला कर्ज हवे त्याने आधी सभासद व्हावे, आणि प्रत्येकाच्या कर्जाला सगळ्यांनी जामीन राहावे. एकाने बुडवले तर भार शेजाऱ्यावर. त्यामुळे कोणाला किती द्यायचे आणि त्याने ते कशाला वापरले, यावर गावाचीच नजर राहिली. दानधर्म संपला, सहकार सुरू झाला.

मद्रास इलाख्यातले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातल्या या संस्थांचा अभ्यास करून १८९५ व १८९७ साली अहवाल दिला. त्याच वाटेने १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्या पायावर आपल्याकडे सोसायट्या उभ्या राहिल्या आणि १९५० साली प्रवरेचा साखर कारखाना सुरू झाला. २०१६ साली युनेस्कोने जर्मनीतल्या सहकाराच्या कल्पनेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

मंडळी, पाव मंडळाने वायरबुशची भूक भागवली, पण टिकले ते सभासदांच्या जबाबदारीवर उभे राहिलेले मंडळ. शेअरचा दाखला आपण ट्रंकेत जपून ठेवतो. वार्षिक सभेला हजर राहणे, हिशेब विचारणे आणि घेतलेले कर्ज वेळेवर फेडणे, हेही त्या दाखल्याबरोबरच आपल्याकडे आले आहे. ते आम्ही-तुम्ही सोडले, तर संस्थेला जामीन राहायला दुसरं कोण येणार?